बहुवर्षायू वनस्पती, अल्पसंयमी कुटुंब

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याण सुटल्यावर लागणारे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. आणि कल्याण पूर्व व उल्हासनगर यांच्या हद्दी या परिसरात एकमेकींना इतक्या खेटून आहेत की, येथील रहिवाशाला पत्ता सांगताना महापालिकेच्या नावापेक्षा जवळच्या रिक्षा स्टँडचा आधार अधिक भरवशाचा वाटतो. अशा वस्तीत 'घरची बाग' असा शब्दप्रयोग करण्यापूर्वी त्याची व्याप्ती सांगणे अगत्याचे आहे. तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या मागे, गटाराचे चेंबर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उरलेली हातभर पट्टी, वरच्या मजल्यांवर खिडकीबाहेर दीड फूट पुढे आलेले लोखंडी ग्रिल, आणि गच्चीची किल्ली ज्यांच्या ताब्यात असते अशा मोजक्या भाग्यवंतांच्या बाबतीत पाण्याच्या टाकीभोवतालची मोकळी जागा, या तिन्हींना येथे बाग म्हणतात. कुंडी या संज्ञेतही रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा, कडी तुटलेली बादली आणि एकेकाळी ज्यातून मिठाई आली होती पण कुठून आली होती हे आता कोणालाच आठवत नाही असा पत्र्याचा मोठा डबा यांचा समावेश होतो.

वनस्पतिशास्त्र आयुर्मानावरून वनस्पतींचे तीन वर्ग करते. एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून संपणारी ती वर्षायू, उदाहरणार्थ झेंडू. पहिल्या वर्षी वाढून दुसऱ्या वर्षी फुलणारी ती द्विवर्षायू. आणि त्याहून अधिक वर्षे जगून पुन्हा पुन्हा फुलणारी ती बहुवर्षायू, ज्यात जास्वंद, मोगरा, अनंत, तगर, अबोली, गुलबक्षी, निशिगंध अशी घरगुती फुलझाडांची बहुतेक सारी मंडळी येतात. या वर्गीकरणात विठ्ठलवाडीच्या अनुभवाने एका चौथ्या वर्गाची भर घालावी लागते, तो म्हणजे शास्त्रानुसार बहुवर्षायू परंतु आणल्यापासून दोन महिन्यांत निवर्तणाऱ्या वनस्पतींचा. आणि संख्येने हाच वर्ग सर्वांत मोठा आहे.

या अकाली मृत्यूंचे कारण दुर्लक्ष असावे असा सर्वसाधारण समज असला, तरी बारकाईने पाहता वस्तुस्थिती नेमकी उलट आढळते. बहुवर्षायू वनस्पती वर्षातील काही काळ वाढ थांबवून, पाने टाकून किंवा जमिनीवरचा सारा भाग आटवून, मूळ, खोड अथवा कंदात साठवलेल्या अन्नावर स्वस्थ पडून राहते. या काळास सुप्तावस्था म्हणतात. दीर्घायुष्याचे तिचे सगळे गणित या विश्रांतीवर बेतलेले असते. मात्र मराठी कुटुंबाला घरातील कोणतीही व्यक्ती स्वस्थ पडलेली पाहवत नाही, आणि पदवी घेऊन दुपारी बारापर्यंत झोपणाऱ्या मुलाकडे ज्या नजरेने पाहिले जाते त्याच नजरेने डिसेंबरातील मोगऱ्याकडे पाहिले जाते. मग त्याला पाणी वाढवले जाते, खत घातले जाते, जागा बदलली जाते, शेजारच्या घरी तोच मोगरा कसा बहरला आहे याची मोठ्याने चर्चा केली जाते. आणि एवढ्या उपचारांनंतर तो खरोखरच मेला म्हणजे 'आधीच गेलेला होता' असा निष्कर्ष एकमताने काढला जातो.

तथापि, जोपासनेपूर्वी ओळख येते. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन पदांचे नाव सर्रास लावले. पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचे, आणि दुसरे त्या विशिष्ट जातीचे. विठ्ठलवाडीतही द्विपद नामपद्धतीच रूढ आहे, फक्त पदांचा क्रम उलटा असून पहिले पद देणाऱ्याचे असते. 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची जास्वंद', 'अंबरनाथच्या आत्याचा अनंत', 'शाळेतल्या बाईंची अबोली' ही या पद्धतीतील मान्य नावे होत. शास्त्रीय नामकरणाला जडलेली व्याधी याही पद्धतीस चुकलेली नाही: काकूंनी दिलेल्या जास्वंदीची फांदी पुढे बदलापूरला गेली की तेथे ती 'विठ्ठलवाडीच्या वहिनींची जास्वंद' होते, आणि एकाच झाडाला अनेक नावे पडून ज्येष्ठतेचा वाद उद्भवतो. असा वाद शास्त्रात अग्रहक्काच्या नियमाने, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरून मिटवतात. येथे तो हळदीकुंकवापर्यंत लांबतो आणि तेथे मिटत नाही.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे सविस्तर वर्णन करणारा ग्रंथ थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. हा गृहस्थ मूळचा रेल्वेतील अभियंता आणि पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य होता, ही गोष्ट लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्या हौशी अभ्यासकांना धीर देणारी आहे. अशा ग्रंथांची मोठी अडचण अशी की, ते वनस्पती फुलावरून ओळखावयास सांगतात, आणि घरी आणलेल्या रोपाला नेमके फूलच नसते. रोपवाटिकेत होते ते रिक्षात पडलेले असते. म्हणून पान, खोड आणि चीक यांवरून ओळखण्याचे काही ठोकताळे माहीत असणे बरे. तगर आणि अनंत या दोघांची फुले पांढरी, पाने गडद व चकचकीत. परंतु तगरीचे पान तोडले की देठातून दुधासारखा चीक येतो आणि तिच्या पाकळ्या भिरभिऱ्याप्रमाणे एका बाजूस वळलेल्या असतात, तर अनंताला चीक नसतो व त्याच्या पानावरील शिरा खोल उमटलेल्या दिसतात. प्राजक्ताचे पान काचकागदासारखे खरखरीत लागते आणि कोवळी फांदी चौकोनी असते. मोगऱ्याचे पान साधे, म्हणजे एका देठावर एकच पाते असलेले. जाईचे मात्र संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका धारण करणारे, आणि तिची कळी बाहेरून गुलाबी झाक मारते. एवढे ज्ञान असले तरी चारचौघांत ते सांगू नये असा अनुभव आहे. कारण ज्यांच्या घरी वीस वर्षे एखादे झाड 'जुई' म्हणून नांदत आहे, त्यांना ती जाई आहे असे सांगणे हे कुळाविषयी शंका घेण्यासारखेच मानले जाते.

अलीकडे मोबाइलमधील ॲप ही ओळख क्षणात पटवून देते. या साधनाचे उपकार मान्य करूनही एवढे नोंदवावे लागते की, ग्रिलमधील पानाच्या छायाचित्रात मागे वाळत असलेला टॉवेलही येतो, आणि यंत्र देत असलेल्या टक्केवारीत त्याचा वाटा किती हे ठरवता येत नाही.

ओळख पटली की मूळ गावाचा प्रश्न येतो, आणि येथे अनेकांची निराशा होते. अंबरनाथचे शिवमंदिर शिलालेखानुसार १०६० साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात उभे राहिले. त्या वेळी गुलबक्षी, निशिगंध, बोगनवेल आणि ज्याला आज घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात ते झाड, यांपैकी एकही या देशात नव्हते, कारण ही सारी अमेरिका खंडातील असून तो खंड युरोपीय दर्यावर्दींना सापडायलाच अजून चार शतके अवकाश होता. घरगुती ब्रह्मकमळ हे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील एक निवडुंग आहे. त्याची जी पाने समजली जातात ती वस्तुतः चपटी झालेली खोडे असून फूल त्यांच्या कडेच्या खाचेतून निघते. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंच भागात उगवते आणि ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. येथील जुन्या विनोदानुसार उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर 'मेड इन यूएसए' असे छापलेले असे आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावला जाई. ब्रह्मकमळाच्या बाबतीत हाच व्यवहार उलट दिशेने झाला असून अमेरिकेतील मालावर हिमालयाचा शिक्का बसला आहे. यात केवळ सामान्य जनांना दोष देणे योग्य नव्हे. कर्दळीच्या शास्त्रीय नावात 'इंडिका', म्हणजे भारतीय, असा शब्द खुद्द लिनियसने घातला असून कर्दळही अमेरिकेचीच आहे.

कृष्णकमळाचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. दक्षिण अमेरिकेत या वेलीचे फूल पाहून स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्यात येशूच्या अंगावरील पाच जखमा, तीन खिळे आणि काट्यांचा मुकुट ओळखला. तेच फूल महाराष्ट्रात आल्यावर पाच परागकोशांचे पांडव, तीन कुक्षींचे ब्रह्मा-विष्णू-महेश आणि भोवतालच्या तंतूंचे शंभर कौरव झाले. तंतू खरोखर शंभर भरतात काय, हे मोजण्याचा प्रयत्न बहुधा चाळिशीच्या आसपास सोडून दिला जातो. ज्या भूमीवर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होती, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जेथे बरॅकींमध्ये वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी जिला उल्हासनगर हे नाव दिले, त्या भूमीने परक्या फांद्यांना मूळ धरू दिले नसते तरच नवल होते.

लिनियसने १७५१ साली आणखी एक कल्पना मांडली होती. वेगवेगळी फुले दिवसाच्या ठरावीक प्रहरी उमलतात व मिटतात, तेव्हा त्यांची योग्य निवड केल्यास बागेकडे पाहून वेळ सांगता येईल, असे हे पुष्पघटिकायंत्र. विठ्ठलवाडीच्या एखाद्या ग्रिलमध्ये ते आपोआपच तयार झालेले असते. प्राजक्त संध्याकाळी उमलून पहाटे सडा टाकतो, म्हणजे पहिल्या पाळीच्या माणसाची गाडी गाठण्याची वेळ. चिनी गुलाब, ज्याला लोक 'ऑफिस टाइम' म्हणतात, तो सकाळी नऊ-दहाच्या उन्हात उघडतो. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास जागी होते. रातराणी शेवटच्या लोकलने परतणाऱ्यांसाठी दरवळते आणि ब्रह्मकमळ मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण उमलते. रेल्वेच्या वेळापत्रकाशी तुलना करता या यंत्राचा वक्तशीरपणा अधिक आढळला तरी त्यालाही पावसाळ्याची बाधा आहेच. आभाळ भरून आले की 'ऑफिस टाइम' दिवसभर उघडत नाही. आणि २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकून पडली होती, हे ठाऊक असणाऱ्या कोणालाही त्याला या गैरहजेरीचा दोष देता येणार नाही.

आता जोपासनेकडे वळावे. बहुवर्षायू झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते; माती सतत ओली राहिली तर तिच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून हवा बाहेर पडते, मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्यामुळे झाड सुकल्यासारखे दिसते. ते सुकलेले पाहून अधिक पाणी घातले जाते. घरातील प्रत्येक सदस्य आपापल्या सोयीने, इतरांनी घातले की नाही याची चौकशी न करता पाणी घालत असल्यामुळे चार माणसांच्या कुटुंबातील झाडाला चौपट पाणी मिळते. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येणार नसते, त्याच्या आदल्या रात्री तर सर्व पिंपे, कळश्या, पातेली भरून झाल्यावर उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्याही भरल्या जातात. बोटाचे एक-दोन पेर मातीत खुपसून पाहावे व कोरडे लागल्यासच पाणी घालावे, हा नियम साधा आहे, पण बोट खुपसण्याची जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. अतिरिक्त पाणी पुढे खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर उतरते आणि बागकाम हा छंद न राहता सोसायटीच्या वार्षिक सभेतील विषय बनतो. कुंडीखाली ताटली ठेवल्यास शर्ट वाचतो, पण त्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो, म्हणून ती आठवड्यातून एकदा तरी पालथी करून घासावी लागते.

खताच्या बाबतीत स्वयंपाकघर आणि बाग यांच्यामध्ये दाट संबंध आहेत. शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड हे पर्याय माफक किमतीत मिळत असताना, घरात ज्या पदार्थाचे काय करावे हे कळत नाही तो कुंडीत घालावा, अशी श्रद्धा दृढ आहे. तांदूळ धुतलेले पाणी निरुपद्रवी. चहाचा चोथा धुऊन वाळवून घातला तर तोही चालतो, परंतु येथील चहा दूध-साखरेसह उकळलेला असल्यामुळे न धुतलेल्या चोथ्याचा पहिला लाभ मुंग्यांना होतो. मुंग्या आल्या की जास्वंदीवर पिठ्या ढेकूणही बळावतो. कापसाचे बारके बोंडूक चिकटल्यासारखा दिसणारा हा कीटक कोवळ्या शेंड्यातील रस शोषतो व गोड स्राव सोडतो. त्या गोडीसाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात, आणि अशा रीतीने त्या कुंडीत मालकाहून कितीतरी पद्धतशीर पशुपालन चालू होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवावेत, फार माखलेले शेंडे छाटून टाकावेत, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा तेच करावे. पहिल्या फवारणीनंतर 'आता गेले' असे जाहीर करण्याची घाई सर्वत्र दिसते.

छाटणी हा तर नैतिक प्रश्न होऊन बसला आहे. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, म्हणून थंडीत पाणी कमी करून, हिवाळा सरता सरता जुन्या फांद्या छाटून व पाने काढून त्याला विश्रांतीतून उठवले, की उन्हाळ्यात तो भरून फुलतो. ही गोष्ट समजावून सांगितली तरी 'जिवंत झाडावर कात्री कशी चालवायची' असा सवाल येतो, आणि तो विचारणाऱ्या व्यक्तीच्या दुसऱ्या हातात भाजीसाठी निवडलेली कोवळी मेथी असते. याउलट शेजाऱ्यांच्या झाडाची छाटणी करताना कोणालाही यातना होत नाहीत. चोरून आणलेली फांदी हमखास जगते हा सिद्धांत महाराष्ट्रभर मान्य असून, त्याचे खरे कारण, म्हणजे चोराला निवडीसाठी उत्तम, निरोगी फांदी मोकळी असते तर दाता मरतुकडी फांदी देतो, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. देवपूजेसाठी पहाटे फिरणारी मंडळी फांदी नव्हे तर फूल नेतात, आणि तेही प्लॅस्टिकची पिशवी व पुढे आकडी लावलेली काठी अशा साधनसामग्रीनिशी. भाद्रपदातील चतुर्थीच्या सकाळी तर तळमजल्यावरील लाल जास्वंदीच्या मालकाने पाचच्या आत उठावे, अन्यथा स्वतःच्या गणपतीसाठी कल्याणच्या बाजारातून आपल्याच झाडासारखी फुले विकत आणावी. झाडाच्या दृष्टीने मात्र या चोरीत काही गैर नाही, कारण फुले खुडली गेल्याने त्याचे काहीच बिघडत नाही; घरगुती जास्वंदीला बहुधा बी धरतच नाही आणि तिचा वंश फांद्यांवरच चालतो.

या सर्व माया-ममतेतून सहीसलामत सुटणारे झाड म्हणजे बोगनवेल. १७६०च्या दशकात फ्रेंच दर्यावर्दी बुगॅंव्हील याच्या जगप्रदक्षिणेत ब्राझीलमध्ये ती युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडली. तिचे रंगीत भाग पाकळ्या नसून छद, म्हणजे फुलालगतची रूपांतरित पाने असतात. खरे फूल आत दडलेली बारीक पांढरी नळी. पाणी व खत मुबलक मिळाले की ती नुसती पाने वाढवते आणि थोडी उपासमार झाली की रंगाने पेटते, म्हणून गच्चीवर विसरली गेलेली बोगनवेल आणि दिवाणखान्यातील लाडकी बोगनवेल एकत्र पाहिल्यास कोणालाही पहिलीच हेवा वाटण्याजोगी दिसते. सदाफुलीचेही तसेच, मादागास्करहून आलेली आणि रक्ताच्या कर्करोगावरील औषध जिच्यापासून मिळते अशी ही वनस्पती ड्रेनेजच्या पाइपालगतच्या भेगेत कोणाच्याही परवानगीवाचून वर्षानुवर्षे फुलते. तिची पाने सकाळी उपाशीपोटी चावून खाणारे स्वयंघोषित वैद्य मात्र येथे पुष्कळ आहेत. त्यांना ती विषारी आहे हे सांगणे भाग आहे.

सुप्तावस्थेची खरी कसोटी फुटबॉल लिली पाहते. आफ्रिकेतून आलेल्या या कंदाला मे महिन्यात, पाने पुरती येण्याआधीच, लाल तंतूंचा चेंडू येतो, म्हणून लोक तिला 'मे फ्लॉवर' असेही म्हणतात. पावसाळाभर ती रुंद पानांनी अन्न साठवते, दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने कुंडीत मातीखेरीज काही दिसत नाही. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवून कुंडी कोपऱ्यात सारणे, एवढीच तिची जोपासना. परंतु कुंडीत काही दिसत नसताना कुंडी रिकामी नसते, ही कल्पना दिवाळीच्या साफसफाईत टिकत नाही. कोणी त्यात कोथिंबीर पेरतो, कोणी ती तुळशीच्या नव्या रोपासाठी मागतो, आणि उरलेल्या कुंड्या जिन्याखाली, सोसायटीच्या निवडणुकीतील फलकांशेजारी, बंद पडलेल्या मोटारपंपाच्या बाजूला जाऊन पडतात. तेथे ना पाणी मिळते, ना चहाचा चोथा, ना उपदेश. मे महिन्यात त्या अंधाऱ्या जागेत एक लालभडक चेंडू उगवतो, येणारा-जाणारा थांबून त्याचे छायाचित्र काढतो, ते सोसायटीच्या समूहावर पाठवले जाते, आणि ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी ती कुंडी मेलेली म्हणून टाकली होती त्यांच्यात झाड मूळचे कोणाचे याचा वाद सुरू होतो. संध्याकाळपर्यंत दोन कुटुंबे त्याला स्वतंत्रपणे पाणी घालून जातात आणि रात्री सचिवांची सूचना फळ्यावर लागते की, जिन्याखाली पाणी सांडून घसरडे झाले असून कुंड्यांच्या मालकांनी त्या चोवीस तासांच्या आत आपापल्या घरी न्याव्यात.